लेंड कार्यक्रम : ३०० तासांत काय मिळतं आणि कुणाला

ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, फिजिओथेरपी, सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य किंवा विशेष शिक्षण शिकायला अमेरिकेत गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या कानावर कधी ना कधी ‘लेंड’ हे नाव पडतं. पूर्ण नाव लांबलचक आहे : लीडरशिप एज्युकेशन इन न्यूरोडेव्हलपमेंटल अँड रिलेटेड डिसॅबिलिटीज. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अपंगत्व अशा मेंदूच्या विकासाशी निगडित स्थिती असलेल्या मुलांसोबत आणि त्यांच्या कुटुंबांसोबत जे काम करणार आहेत, त्यांना शाखांच्या भिंती ओलांडून एका वर्गात बसवायचं आणि साधारण एक शैक्षणिक वर्ष एकत्र शिकवायचं, असा हा कार्यक्रम आहे. बहुतेक जण तो आपल्या मूळ पदवीच्या जोडीने करतात. काही विद्यापीठांत त्याचे क्रेडिट मिळतात, काही ठिकाणी पदव्युत्तर प्रमाणपत्र मिळतं आणि काही ठिकाणी पूर्ण केल्याचा नुसता दाखला.

आमचं मत आधीच सांगतो. कार्यक्रम उत्तम आहे, आणि त्यातल्या दोन गोष्टी इतर कुठल्याही पदव्युत्तर शिक्षणात सहसा मिळत नाहीत. पण नुसतं ‘लेंड’ हे नाव वाचून अर्ज करू नये. नाव एक, अनुदान एका विभागाचं, पण कार्यक्रम सुमारे ६०, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तुमचे तास नेमके कशात जाणार आहेत, हे विचारूनच ठरवावं.

पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा. तिथल्या आरोग्य खात्याच्या ‘हर्सा’ या संस्थेतला माता-बाल आरोग्य विभाग विद्यापीठांना आणि बालरुग्णालयांना पाच-पाच वर्षांचं अनुदान देतो. याची मुळं १९६३ सालच्या कायद्यात आहेत. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या सहीने झालेल्या त्या कायद्याने बौद्धिक अपंगत्वावर काम करणारी, विद्यापीठांना जोडलेली केंद्रं उभारायला निधी दिला. त्या केंद्रांचं आजचं रूप म्हणजे ‘यूसेड’. सगळी राज्यं आणि प्रदेश मिळून अशी ६७ केंद्रं आहेत, आणि बरेचसे लेंड कार्यक्रम त्यांच्याच छपराखाली चालतात. २००६ साली ऑटिझमचा स्वतंत्र कायदा आल्यावर लेंडचा विस्तार झाला. तो कायदा डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी पुन्हा मंजूर झाला आहे. मात्र कायद्यातली मंजुरी वेगळी आणि दर वर्षीच्या अर्थसंकल्पात हातात पडणारा पैसा वेगळा. म्हणून अर्जाआधी विचारावं : चालू अनुदानाचं हे कितवं वर्ष, आणि पुढच्या सप्टेंबरच्या तुकडीचा निधी नक्की झाला आहे का?

ठिकाण निवडताना ढोबळमानाने एक फरक लक्षात ठेवता येतो. बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगरसारख्या रुग्णालयी संस्थांमध्ये क्लिनिकचा भाग मोठा असतो. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेटसारख्या विद्यापीठी केंद्रांमध्ये धोरण आणि समाजातलं काम यांना जास्त जागा मिळते. न्यू हॅम्पशायर आणि मेन या दोन राज्यांचा कार्यक्रम एकत्र आहे. युटाचा कार्यक्रम शेजारच्या विरळ वस्तीच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओवरून जोडून घेतो. ज्याला मुलांचं मूल्यमापन हाताखालून घालायचं आहे त्याने धोरणप्रधान ठिकाणी जाऊन हिरमुसलं होऊ नये, आणि ज्याला राज्याच्या आरोग्य खात्यात काम करायचं आहे त्याने वर्षभर एकतर्फी काचेमागे बसून मुलांच्या तपासण्या पाहत राहू नये.

तासांचा हिशोब

हर्साच्या हिशोबात प्रशिक्षणार्थी तीन प्रकारचे : ४० तासांहून कमी म्हणजे अल्पकालीन, ४० ते २९९ मध्यम, आणि ३०० किंवा अधिक तास म्हणजे दीर्घकालीन. ‘मी लेंड केलं’ असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा बहुधा हा तिसरा प्रकार अभिप्रेत असतो. सप्टेंबर ते मे धरलं, सुट्ट्या वगळल्या, की ३० आठवडे उरतात. म्हणजे आठवड्याला १० तास. हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात एक अख्खा दिवस सेमिनार आणि क्लिनिकला जातो (अनेक ठिकाणी तो शुक्रवार असतो), आणि वाचन, अहवाल, कुटुंबभेट, प्रकल्प हे सगळं इतर दिवशी संध्याकाळी येऊन बसतं.

वेळापत्रक इथेच कोलमडतं, आणि ते शाखेनुसार वेगवेगळ्या महिन्यात कोलमडतं. ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना लेव्हल टू फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष कामातलं प्रशिक्षण, एकूण २४ आठवडे पूर्णवेळ करावं लागतं. त्यातला एक टप्पा जानेवारीत सुरू झाला तर लेंडचा शुक्रवार सुटणं अवघड. फिजिओथेरपीच्या पूर्णवेळ क्लिनिकल रोटेशनचं तेच. म्हणून ‘कुठल्या वर्षी करावं’ हा प्रश्न ‘करावं का’ याच्याआधी येतो. आपल्या विभागाच्या क्लिनिकल समन्वयकाकडून दोन्ही सहामाह्यांचं वेळापत्रक लेखी घ्यावं आणि ते लेंडच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहावं. आपली शाखा सांभाळणारा लेंडचा प्राध्यापक असतो, त्यालाही यात आधीपासून घ्यावं. आधी सांगितलं तर तो वाट काढू शकतो. फेब्रुवारीत सांगितलं तर फारसं काही करता येत नाही.

स्पीच थेरपीवाल्यांसाठी एक खास मुद्दा. अमेरिकेतल्या ‘आशा’ या व्यावसायिक संघटनेचं प्रमाणपत्र मिळवायला ४०० क्लिनिकल तास लागतात, त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ थेट कामाचे. लेंडच्या क्लिनिकमधले तास यात धरले जातात का? प्रमाणपत्रधारक स्पीच पॅथॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली तुम्ही स्वतः मुलासोबत किंवा पालकांसोबत काम केलं असेल तर धरता येतात. मानसशास्त्रज्ञ चाचणी घेत असताना तुम्ही शेजारी बसून टिपणं काढली, तर नाही. ‘क्लिनिकचे तास १००’ असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण त्यातले तुमच्या परवान्याच्या उपयोगाचे किती हे विचारावंच लागतं. आणि परवाना लेंड देत नाही. कुठल्याच शाखेचा देत नाही. तो तुमच्या मूळ पदवीतूनच येतो.

क्लिनिक

लेंडच्या क्लिनिकमध्ये एका मुलाला अनेक शाखांची माणसं एकत्र पाहतात. बऱ्याच रुग्णालयांत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट आपापल्या खोलीत मुलाला तपासतात आणि पाच वेगळे अहवाल आईवडिलांच्या हातात पडतात. ते पाच कागद जुळवायचं काम मग आईवर येतं. लेंडमध्ये शिकवतात ते याच्या उलट : तपासणीआधी टीम बसते, कुटुंबाचे प्रश्न फळ्यावर लिहिते, कोण काय पाहणार हे ठरवते, एकाच माहितीसाठी आईला पाचदा विचारत नाही, तपासणीनंतर पुन्हा बसते, मतभेद तिथेच मिटवते आणि कुटुंबाला एकच अहवाल देते. हे ऐकायला साधं वाटतं, पण करायला फार अवघड आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टला मुलाच्या वागण्यात संवेदनांची अडचण दिसते, मानसशास्त्रज्ञाला चिंता दिसते, आणि दोघांनाही एका वाक्यावर यायचं असतं. वर्षभर दर आठवड्याला हे वाक्य घडवत राहणं, हे या प्रशिक्षणाचं मोठं बळ आहे.

बिघडतं कुठे? प्रशिक्षणार्थी नुसता प्रेक्षक होतो तिथे. एका खोलीत एक मूल, दोन पालक आणि सात विद्यार्थी असतील तर मूल बावरतं आणि विद्यार्थी काहीच करत नाहीत. म्हणून मुलाखतीत आकडा विचारावा : वर्षभरात किती मुलांच्या मूल्यमापनात मी स्वतः भाग घेईन, किती अहवालांचा भाग मी लिहीन, आणि निदान सांगायच्या बैठकीत मी बोलेन की गप्प बसेन? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. आईवडिलांना ‘ऑटिझम’ हा शब्द पहिल्यांदा कसा सांगावा, किती वेळ थांबावं, पुढचं पाऊल कधी बोलावं, हे पुस्तकातून येत नाही. काही कार्यक्रम ते प्रशिक्षणार्थीकडून देखरेखीखाली करून घेतात. ते कार्यक्रम वरचढ समजावेत.

मराठी विद्यार्थ्यांचा इथे खरा उपयोग होतो, आणि त्यांची कुचंबणाही इथेच होऊ शकते. अमेरिकेत वाढणारं मराठी घरातलं तीन वर्षांचं मूल क्लिनिकमध्ये येतं. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी. ‘मला वॉटर पाहिजे’ अशी वाक्यं. फक्त इंग्रजीत शब्द मोजले तर मूल मागे दिसतं. दोन्ही भाषांतले शब्द मिळून किती संकल्पना त्याला माहीत आहेत हे मोजलं तर चित्र बदलू शकतं. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं हा समज चुकीचा आहे, आणि ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ हा सल्ला त्या मुलाला आजी-आजोबांपासून तोडतो. पण याच्या नेमकी उलट चूकही घडते : ‘दोन भाषा आहेत म्हणून उशीर’ असं म्हणून खरं निदान वर्षभर पुढे ढकललं जातं. दोन्ही भाषांत मूल मागे असेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून काही दाखवत नसेल, तर भाषेकडे बोट दाखवून थांबू नये.

दैनंदिन कौशल्यांच्या प्रश्नावलीत आणखी एक खड्डा आहे. ‘मूल स्वतः चमच्याने खातं का’ या प्रश्नाला आपल्याकडची आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण चार वर्षांच्या मुलालाही घरी भरवलं जातं. गुण कमी पडतात. त्याला येत नाही म्हणून, की करू दिलं जात नाही म्हणून, हे विचारणारं टीममध्ये कुणी असावं लागतं. तो प्रश्न तुम्ही विचारू शकता. पण त्याच बळावर टीमने तुम्हाला फुकटचा दुभाषी बनवलं, तर तुमचं शिक्षण थांबतं आणि कुटुंबाचंही नुकसान होतं. सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थेने प्रशिक्षित दुभाषी देणं हा तिथला कायदा आहे. भाषांतर करायला लहान भावंडाला बसवणं तर आणीबाणी वगळता चालतच नाही. शिवाय एडॉस-२ सारखी ऑटिझमची प्रमाणित चाचणी दुभाष्यामार्फत घेतली तर तिचे गुण जसेच्या तसे धरता येत नाहीत. तसं घ्यावंच लागलं तर अहवालात ते स्पष्ट लिहायचं असतं. हे लिहिलं जातं की नाही, यावरून त्या टीमची शिस्त कळते.

कुटुंब आणि सेल्फ-ॲडव्होकेट

आता त्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी आम्ही हा कार्यक्रम सुचवतो.

पहिली : लेंडमध्ये ‘कुटुंब’ ही एक शाखा आहे. ऑडिओलॉजी, बालरोगशास्त्र, दंतवैद्यक, पोषण, परिचर्या, जनुकीय समुपदेशन, तशीच कुटुंब. अपंग मुलाची आई, वडील किंवा भावंड प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश घेऊ शकतात, आणि याच शाखेचे प्राध्यापकही असतात. अनेक ठिकाणी या जागेसाठी आरोग्यक्षेत्रातली पदवी लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांपैकी ज्यांना आपल्या मुलाच्या पलीकडे काही करायचं आहे, त्यांनी आपल्या राज्याच्या लेंडकडे या जागेची चौकशी जरूर करावी. इतरांसाठी हीच गोष्ट कुटुंब-मार्गदर्शनाच्या रूपात येते : तुम्हाला एक कुटुंब दिलं जातं आणि वर्षभर त्यांच्या घरी, शाळेच्या बैठकीला, कधी दवाखान्याला जायचं असतं. उपचार करायला नव्हे. शिकायला. घरातली माणसं शिक्षक असतात.

तिथे कायदा कागदावरून खाली उतरतो. तीन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी विनंती आल्यापासून ४५ दिवसांत कुटुंबाची सेवा-योजना ठरवण्याची बैठक व्हायला हवी, असा तिथला नियम आहे. तीन वर्षं पूर्ण झाली की ती व्यवस्था संपते आणि शाळा-जिल्ह्याची, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांच्या प्रशासनाची, सुरू होते. या सांध्यावर मुलं निसटतात. वाढदिवस उन्हाळ्यात असेल तर शाळा बंद, जुनी थेरपी संपलेली, नवी सुरू नाही. ज्याने हा उन्हाळा एका कुटुंबासोबत पाहिला, तो पुढे आपल्या अहवालात ‘शाळेशी संपर्क साधावा’ एवढंच लिहून सही करणार नाही. जाता जाता मराठी पालकांसाठी : शाळेतल्या विशेष शिक्षणाचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. एच-१बीवर आलेल्या कुटुंबाच्या मुलालाही तो आहे. मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आणि अपंग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, मात्र तसं नाही. तिथे स्थलांतराचा दर्जा आणि राज्य दोन्ही पाहावं लागतं. आणि घरी राहून सेवा मिळवून देणारे मेडिकेडचे ‘वेव्हर’ राज्यागणिक वेगळे आहेत. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात की प्रतीक्षायादीतला तुमचा नंबर सोबत येत नाही, तिथे रांगेच्या शेवटापासून सुरुवात.

दुसरी गोष्ट : स्वतः अपंगत्वासह जगणारी माणसं, म्हणजे सेल्फ-ॲडव्होकेट, इथे प्रशिक्षणार्थी आणि अध्यापक असतात. ऑटिस्टिक सहाध्यायी शेजारी बसलेला असताना ‘ऑटिझमचे रुग्ण’ अशी भाषा टिकत नाही. ‘बरं करणं’ हे ध्येय त्याला मान्य आहे का, हा प्रश्न वर्गात उघड विचारला जातो आणि त्याचं उत्तर डॉक्टरांना ऐकून घ्यावं लागतं. शाखांच्या पारंपरिक उतरंडीला धक्का बसतो तो इथे.

पण हीच जागा सगळ्यात असमान आहे. काही कार्यक्रमांत सेल्फ-ॲडव्होकेट पूर्ण ३०० तासांचे, मानधन घेणारे, प्रकल्प चालवणारे प्रशिक्षणार्थी असतात. काही ठिकाणी त्यांना वर्षातून एकदा ‘आपली कहाणी’ सांगायला बोलावलं जातं आणि टाळ्या वाजवून निरोप दिला जातो. हे दुसरं आम्हाला अजिबात मान्य नाही. तपासायला चार प्रश्न पुरेत : या वर्षी दीर्घकालीन सेल्फ-ॲडव्होकेट किती? त्यांचं मानधन इतरांइतकंच आहे का? वाचनसाहित्य सोप्या भाषेतही मिळतं का? अध्यापकवर्गात अपंग व्यक्ती आहेत का, आणि गुण देण्याचा अधिकार त्यांना आहे का?

नेतृत्व म्हणजे नेमकं काय शिकवतात

माता-बाल आरोग्य विभागाने नेतृत्वाच्या १२ क्षमता ठरवून दिल्या आहेत. त्या तीन वर्तुळांत मांडलेल्या आहेत : स्वतः, इतर, आणि व्यापक समाज. वाटाघाटी, मतभेद सोडवणं, कुटुंबाशी भागीदारी, इतरांना घडवणं, धोरण अशी ती यादी आहे. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रशिक्षणार्थी स्वतःला गुण देतो. हा भाग आम्हाला सगळ्यात पातळ वाटतो. स्वतःला दिलेले गुण वर्षाअखेरीस वाढणारच. त्यापेक्षा टीममधल्या इतर शाखांच्या सहाध्याय्यांनी आणि कुटुंबाने दिलेला अभिप्राय जिथे लेखी मिळतो, तिथे खरं काही हाती लागतं.

धोरणाचा भाग मात्र भक्कम असतो. राज्याच्या विधिमंडळाची बैठक, माता-बाल आरोग्याच्या अनुदानाचं काम पाहणारं राज्याचं खातं, आणि जमल्यास वसंतात वॉशिंग्टनमध्ये होणारा डिसॅबिलिटी पॉलिसी सेमिनार. १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातल्या पाचव्या प्रकरणाखाली राज्यांना मिळणाऱ्या माता-बाल निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम विशेष आरोग्यगरजा असलेल्या मुलांवर खर्च करावी लागते. आपल्या राज्यात ती रक्कम कुठे जाते, हे शोधून काढायचा गृहपाठ अनेकांच्या डोक्यात कायमचा बसतो.

लोकप्रतिनिधीच्या कचेरीत जाताना एक मर्यादा पाळावी लागते. सरकारी अनुदानाच्या पैशाने, अनुदानाच्या वेळेत, अमुक विधेयकाला मत द्या असं सांगता येत नाही. ते लॉबिंग झालं. ‘आमच्या राज्यात मूल्यमापनासाठी इतके महिने थांबावं लागतं, त्याचा परिणाम असा होतो’ असं सांगता येतं. ते शिक्षण. चांगला कार्यक्रम हा फरक आधी सराव करून शिकवतो : एका पानाची टिपणी, त्यात एक प्रश्न, एक कुटुंबाचा अनुभव परवानगी घेऊन, राज्याचा एकच आकडा, आणि शेवटी संपर्क. भेट बहुधा सदस्याशी नसते, त्याच्या तरुण साहाय्यकाशी असते, आणि फार तर १५ ते २० मिनिटं मिळतात. तिथे क्लिनिकच्या भाषेत बोललं की भेट वाया जाते. परतल्यावर आभाराचं पत्र आणि मागितलेली माहिती पाठवणं इथपर्यंत ती भेट धरायची.

नेतृत्व-प्रकल्पाचं दुखणं वेगळं आहे. मे महिन्यात पोस्टर लागतं, फोटो निघतात, आणि जूनमध्ये तो प्रकल्प कुणाचाच नसतो. पालकांसाठी पुस्तिका तयार होते पण ती छापणार कोण, पुढच्या वर्षी बदलणार कोण, हे ठरलेलं नसतं. म्हणून असाच प्रकल्प घ्यावा ज्याला समाजातली एखादी संस्था किंवा सरकारी खातं आधीपासून मालक आहे, आणि ज्याचा तुमच्या वाट्याचा तुकडा पाच महिन्यांत पुरा होईल. लोकांकडून माहिती गोळा करून ती प्रसिद्ध करायची असेल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी लागेल का, हे ऑक्टोबरमध्येच विचारावं. जानेवारीत विचारलं तर परवानगी येईपर्यंत वर्ष संपत येतं.

पैसा, व्हिसा आणि अर्ज

भारतातून एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्यांनी हे नीट वाचावं. अनुदानातून दिलं जाणारं विद्यावेतन फक्त अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी, म्हणजे ग्रीनकार्डधारक, यांनाच मिळू शकतं. हा केंद्राच्या अनुदानाचाच नियम आहे. एखाद्या प्राध्यापकाला तुम्ही आवडलात म्हणून तो वाकत नाही. बरेच कार्यक्रम परदेशी विद्यार्थ्यांना विद्यावेतनाशिवाय घेतात, काही घेत नाहीत. काही ठिकाणी विभाग दुसऱ्या निधीतून थोडी मदत करू शकतो. पहिल्या ईमेलमध्येच स्पष्ट विचारावं. आणखी एक : क्लिनिक विद्यापीठाबाहेरच्या संस्थेत असेल तर त्या प्रात्यक्षिकासाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची, परवानगी लागते का, हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी घ्यावं. ‘विनामोबदला आहे, काही लागत नाही’ या तोंडी आश्वासनावर राहू नये.

मग आठवड्याचे १० विनामोबदला तास परवडतात का? ज्यांना कॅम्पसवर २० तासांची सहाय्यकाची नोकरी करूनच घरभाडं भरायचं आहे, त्यांना आमचा सल्ला : पहिल्या वर्षी नको. त्याऐवजी मध्यम प्रकारात, म्हणजे ४० तासांच्या वर पण ३०० च्या आत, प्रवेश मागावा. सेमिनार आणि कुटुंब-मार्गदर्शन एवढंच मिळालं तरी कार्यक्रमाचा अर्क हाती येतो. क्लिनिक तुमच्या मूळ पदवीत थोडंफार असतंच.

अर्ज साधारणपणे हिवाळ्यापासून वसंतापर्यंत, पुढच्या शरद सहामाहीसाठी घेतले जातात. रेझ्युमे, निबंध, शिफारसपत्रं, विभागाची संमती, मग मुलाखत. निबंधात ‘मला लहानपणापासून सेवा करायची होती’ हे वाक्य असंख्य अर्जांत असतं. त्याऐवजी एखादी व्यवस्था कुठे तुटते ते लिहावं : कुठल्या टप्प्यावर मुलं निसटतात, तिथे कोणत्या दोन शाखांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि तुम्हाला त्यातलं काय येत नाही. भारतात काम केलेलं असेल तर त्याला इथे वजन असतं. मुंबईतल्या अली यावर जंग संस्थेत ऑडिओलॉजी शिकलेल्या किंवा जिल्हा रुग्णालयात काम केलेल्या उमेदवाराने तो अनुभव दोन ओळींत उरकू नये.

परत यायचं असेल तर

महाराष्ट्रात परतणाऱ्यांसाठी लेंडचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या केंद्रांची रचना आहे. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक अशी पदं एका छताखाली धरलेली आहेत. म्हणजे टीम कागदावर तयार आहे. नसते ती एकत्र बसायची सवय आणि एकच अहवाल लिहायची पद्धत. लेंडमधून आणण्यासारखं हेच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आठवड्यातून एक तास लागतो आणि तो तास बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीतून राखून ठेवणारा एक अधिकारी लागतो. कुटुंब-शाखा मात्र उचलून आणता येणार नाही, कारण तिच्यामागे मानधन आहे. त्यासाठी पालक संघटनांसोबत वेगळी वाट काढावी लागेल.

लेंडचा दाखला भारतात व्यवसायाची परवानगी देत नाही. ऑडिओलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक अशा पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, १९९२च्या कायद्यानुसार, मूळ पदवीवरच होते. परदेशी पदवी असेल तर तिच्या मान्यतेची प्रक्रिया परतण्याआधी सुरू करावी. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांचा, प्रमाणपत्राच्या पद्धतीचा अभ्यास तिथेच असताना करावा. अमेरिकी कायदे पाठ आणि आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कसं काढतात ते माहीत नाही, अशी अवस्था होऊ देऊ नये.

ज्यांना क्लिनिक नकोच आहे, अपंगत्वाकडे समाज, इतिहास आणि हक्क या बाजूंनी पाहायचं आहे, त्यांच्यासाठी लेंड ही चुकीची निवड ठरेल. त्यांनी डिसॅबिलिटी स्टडीजकडे वळावं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात १९९८ साली या विषयातली अमेरिकेतली पहिली पीएचडी सुरू झाली. त्याच विद्यापीठात लेंडही आहे, त्यामुळे दोन्ही जगं एका आवारात पाहता येतात. भारतातच राहायचं असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचं या विषयातलं काम आधी पाहावं.

प्रवेश मिळाला, तरी होकार कळवण्याआधी गेल्या वर्षीच्या दोन प्रशिक्षणार्थींशी बोलावं : एक आपल्या शाखेचा, आणि एक कुटुंब शाखेचा किंवा सेल्फ-ॲडव्होकेट. पहिल्याला विचारावं की त्याचे तास प्रत्यक्ष कशात गेले. दुसऱ्याला विचारावं की टीमच्या बैठकीत त्याच्या बोलण्याने एखादा निर्णय कधी बदलला का. दुसऱ्याला उदाहरण पटकन आठवलं, तर तिथे जावं.